डागडुजी

इतिहासाच्या तासाला विचारायचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहेत. ताजमहाल कोणी बांधला? शनिवारवाडा कोणी बांधला? रायगडाच्या बांधकामावर कोण होते? मुले उत्तरे घडाघडा सांगतात आणि आपण समाधानाने पुढच्या धड्याकडे वळतो. पण ती वास्तू इतकी वर्षे टिकली ती कोणामुळे, हा प्रश्न मी आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. हिरोजी इंदुलकरांनी रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरून घेतले. पायरीवर का होईना, नाव राहिले. त्याच देवळाच्या सांध्यांत त्यानंतर ज्याने चुना भरला असेल, पावसाळ्याच्या तोंडाशी ज्याने छतावरचे गवत उपटले असेल, त्याच्या वाट्याला पायरीसुद्धा आली नाही.

भाषाही या बाबतीत मोठी पक्षपाती आहे. ‘निर्मिती’ हा शब्द उच्चारताना आपला आवाज आपोआप चढतो. ‘डागडुजी’ म्हणताना तो खाली येतो. डागडुजी म्हणजे ठिगळ, वेळ मारून नेणे, नवे घेण्याची ऐपत नाही म्हणून जुन्यावर भागवणे, असाच अर्थ आपण घेतो. दिवाळीपूर्वी घरोघरी जी रंगसफेदी आणि झाडलोट होते तिचेही तसेच आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रांगोळीचे कौतुक सगळे करतात. माळ्यावरची कोळिष्टके कोणी काढली, याची चौकशी कोणी करीत नाही.

अशाच एका डागडुजी करणाऱ्याविषयी मला आज लिहायचे आहे. त्याचे नाव सर बर्नार्ड फील्डन. इंग्लंडातला हा स्थपती १९१९ साली जन्मला आणि २००८ साली गेला. दिवाळीच्या फराळाबरोबर हा परदेशी पाहुणा कशाला, असे वाचकांना वाटेल. मी काही वास्तुविद्या शिकलेली बाई नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पण या माणसाचा व्यवसाय पाहू लागले तेव्हा मला त्यात दगडचुन्यापेक्षा एक नीतीचाच प्रश्न अधिक दिसू लागला, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या दारात उभा आहे. दुसऱ्या कोणी निर्माण केलेली, आज आपल्या ताब्यात असलेली आणि उद्या तिसऱ्याच कोणाच्या ताब्यात जाणारी वस्तू, मग ती इमारत असो, भाषा असो, शेत असो, तिच्यावर आपला अधिकार नेमका किती?

फील्डन ऐन तारुण्यात दुसऱ्या महायुद्धात सापडला. त्या काळात तो आपल्याकडच्या बंगाल सॅपर्स या पलटणीत होता. सॅपर्स म्हणजे सैन्याचे बांधकामी हात: पूल उभारायचे आणि प्रसंगी सुरुंग लावून उडवायचेही. युद्धानंतर त्याने लंडनमध्ये आपले शिक्षण पुरे केले आणि इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच या जुन्या गावी आपले कार्यालय थाटले. तो केवळ जुन्याचा भक्त होता असे मात्र कोणी समजू नये. त्याने नवी कामे केली, आणि तिथल्या नव्या विद्यापीठाचा वास्तुकार म्हणूनही काही वर्षे काम पाहिले. हे मुद्दाम सांगते, कारण जुने सांभाळणारा माणूस नव्याचा वैरी असतो अशी आपली एक समजूत असते. वास्तविक, ज्याला नवे बांधता येत नाही त्याच्या हाती जुने सोपवूच नये.

नॉरिच आणि लंडनच्या सेंट पॉल या मोठ्या प्रार्थनामंदिरांची देखभाल त्याच्याकडे होती. पण त्याचे नाव झाले ते यॉर्कमुळे. यॉर्कचे मुख्य मंदिर, ज्याला तिथे ‘मिन्स्टर’ म्हणतात, ते युरोपातल्या अतिभव्य गॉथिक इमारतींपैकी एक. १९६५ साली फील्डनची तिथे नेमणूक झाली. त्याने काय केले? आधी काहीच केले नाही. तो पाहत राहिला. तो शिड्यांवरून वर चढला, पोटमाळ्यांत शिरला, भिंतींतल्या भेगा मोजल्या, कोणती भेग जुनी आहे आणि कोणती अजून रुंदावते आहे याचा शोध घेतला. जुन्या भेगेत धूळ साचलेली असते. ताज्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात. असा तपास झाला तेव्हा जे कळले ते भयंकर होते. मध्यभागचा प्रचंड मनोरा, वजन सुमारे सोळा हजार टन, हळूहळू खचत होता आणि तोही सर्व बाजूंनी सारखा नव्हे.

कारण पाचशे वर्षांपूर्वीचे होते. त्या जागी पूर्वी एक मनोरा होता, तो १४०७ साली कोसळला. मग पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी आजचा मनोरा चढवला. पण पाया मात्र जुन्याच नॉर्मन मंदिराचा, कितीतरी हलक्या इमारतीसाठी घातलेला. वर वजन वाढत गेले, खाली पाया तोच राहिला. (कित्येक घराण्यांचेही असेच होते म्हणा.) पाच शतके त्या पायाने ओझे निभावले आणि आता त्याचा दम संपत आला होता.

१९६७ साली काम सुरू झाले. जुना पाया काढून नवा घालणे शक्य नव्हते. काढायला जावे तर मनोराच डोक्यावर यायचा. म्हणून जुन्या पायाभोवती काँक्रीटचे नवे पाय घालून, त्यांतून जुन्या दगडांच्या आरपार न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया ओवून, त्या ताणून, नवे आणि जुने एकमेकांना घट्ट आवळण्यात आले. पडत्या म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी खांदा द्यावा तसे हे. त्यासाठी मनोऱ्याखाली खणावे लागले, आणि खणता खणता नॉर्मनांच्याही खाली रोमन सैन्याच्या मुख्य ठाण्याचे अवशेष लागले. आता ही मोठीच पंचाईत. वर सोळा हजार टनांचा मनोरा आज पडेल की उद्या अशी अवस्था, आणि खाली इतिहास हाक मारतो आहे. अभियंत्याला घाई आणि संशोधकाला सवड हवी. दोघांनीही एकमेकांना वाट करून दिली. खणणाऱ्याबरोबर नोंदणाराही उभा राहिला. १९७२ साली, मंदिर पुरे झाल्याला बरोबर पाचशे वर्षे होताना, काम संपले. आज त्या मंदिरात कोणी शिरला तर फील्डनचे कर्तृत्व त्याला वरती कुठेच दिसणार नाही. ते पाहायचे तर तळघरात उतरावे लागते. तिथे काँक्रीट काँक्रीटच दिसते आणि पोलाद पोलादच दिसते. त्याला प्राचीन दगडाचे सोंग दिलेले नाही.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबावेसे वाटते. दुरुस्ती दिसावी की दिसू नये? प्रश्न साधा वाटतो, पण एकोणिसाव्या शतकात त्यावरून युरोपात शहाणी माणसे हमरीतुमरीवर आली होती. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक नावाचा अफाट विद्वान वास्तुकार होता. त्याचे म्हणणे असे की, जुनी इमारत दुरुस्त करायची म्हणजे ती तिच्या परिपूर्ण रूपात उभी करायची, मग तसे रूप तिला पूर्वी कधी लाभलेले असो वा नसो. उलट इंग्लंडात रस्किनने अशा पुनर्निर्मितीला सरळ खोटेपणा ठरवले, आणि १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली. इमारतीला रोजच्या रोज जपा, गळते तिथे बंद करा, झुकते तिथे टेकू द्या, पण तिच्या अंगावरचा काळाचा हात पुसू नका, हे त्यांचे सांगणे. फील्डन या दुसऱ्या परंपरेतला. मात्र हट्टी नव्हता.

मनाने मीही मॉरिसच्या बाजूची. पण पॅरिसची हकीकत आठवली की माझा निश्चय जरा डळमळतो. नोत्र-दाम मंदिराचा मूळ मध्ययुगीन कळस अठराव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीला आला म्हणून उतरवला गेला होता. व्हियोले-ल-द्युकने आपल्या कल्पनेने नवा, अधिक उंच कळस १८५९ साली चढवला. म्हणजे मॉरिसच्या दृष्टीने ही लबाडीच. १५ एप्रिल २०१९ रोजी तो कळस आगीत कोसळला तेव्हा पॅरिसची माणसे रस्त्यात उभी राहून रडली. पुढे चर्चा झाली: आता आधुनिक काचेचा कळस करावा काय? शेवटी ठरले की, होता तसाच करावा. होता तसा म्हणजे तेराव्या शतकातला नव्हे, त्या ‘लबाडा’चा. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले ते त्याच ओकच्या आणि शिशाच्या कळसासह. एकशे साठ वर्षे लोकांनी ज्याच्याकडे मान वर करून पाहिले त्याला खोटे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आपल्याकडे हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण आपल्याजवळ ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे. युरोपच्या भाषांत जतन म्हणजे राखणे. आपल्या शब्दात ‘उद्धार’ आहे: जे जीर्ण झाले त्याला पुन्हा वर काढणे. देऊळ हे आपल्या लेखी स्मारक नसते. त्यात देव राहतो. त्याचे छत पडले तर ते तसेच सुंदर अवशेष म्हणून राखावे, ही कल्पना पुजाऱ्याच्या डोक्यात उतरणारच नाही, आणि का उतरावी? अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशी-विश्वेश्वरापासून अनेक ठिकाणी देवळे उभी केली, घाट बांधले. त्यांनी प्राचीन शैलीची हुबेहूब नक्कल केली की नाही असा हिशेब कोणी त्यांच्याकडे मागितला नाही. पूजा पुन्हा सुरू झाली, हाच त्यांचा हिशेब. जपानात ईसे येथे तर दर वीस वर्षांनी सबंध देऊळच नव्या लाकडाचे बांधतात. शेवटचे २०१३ साली बांधले. लाकूड नवे असते, पण बांधण्याची विद्या जुनी राहते. जगातल्या तज्ज्ञांनी हा पूर्वेचा विचार १९९४ साली जपानातच नारा येथे भरलेल्या बैठकीत मान्य केला. आपल्या ‘इंटॅक’ संस्थेने २००४ साली जो मसुदा स्वीकारला त्यातही परंपरागत कारागिरांच्या विद्येला आणि जीर्णोद्धाराला मानाचे स्थान दिलेले आहे.

सप्तशृंगीचे उदाहरण ताजे आहे. वणीच्या गडावर देवीच्या मूर्तीवर शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेले होते. २०२२ साली तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते उतरवले आणि आतले कोरीव रूप भाविकांना दिसले. आता खरे रूप कोणते? शिल्पकाराने कोरलेले, की आमच्या आज्यांनी आयुष्यभर डोळे मिटले की ज्याचे दर्शन घेतले ते? मला याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एवढे मात्र दिसते की, शेंदूर चढवणाऱ्यांनी खालच्या मूर्तीला इजा केली नव्हती. त्यांची भक्ती वरच्या वर राहिली. म्हणून तर पुढच्यांना निवड करता आली.

तीच निवड करण्याची सोय आज गावोगाव होणारे जीर्णोद्धार ठेवीत नाहीत, हे माझे खरे दुःख आहे. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर निळा-गुलाबी तैलरंग, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या फरशा, सभामंडपाच्या जागी काँक्रीटचा स्लॅब. करणाऱ्यांची भक्ती खोटी नसते. वर्गणीचा पैसाही घामाचा असतो. पण तैलरंग दगडाच्या छिद्रांत बसतो, सिमेंट जुन्या चुन्याच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही. चुन्याच्या भिंतीत शिरलेले पाणी चुन्यातूनच बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ते आतच कोंडते आणि आतल्या आत दगडाला खाते. बाहेरून भिंत नवी कोरी, आतून भुसभुशीत. आमच्याकडे चुना घाणीत बैल फिरवून मळीत, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालीत. ते सगळे अडाणीपणाचे होते असे आपण ठरवून टाकले, आणि आता तोच चुना मळणारा शोधत फिरतो.

केवळ अडाणीच असे करतात असे मात्र नव्हे. अजिंठ्याची कथा या बाबतीत प्रत्येक शिक्षकाने वाचावी. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून दोन नामांकित तज्ज्ञ बोलावले. त्यांनी भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा पुन्हा चिकटवला, कडा बंद केल्या. हे त्यांचे उपकारच. पण चित्रे खुलून दिसावीत, टिकावीत, म्हणून त्यांनी वरून लाखेचे रोगण दिले. त्या वेळी ते त्या विद्येतले मान्य तंत्र होते. काळ गेला तशी ती लाख पिवळी पडली, काळवंडली, धूळ धरून बसली, आणि पद्मपाणीच्या चेहऱ्यांच्या त्या दुनियेवर एक गढूळ पडदा आला. तो उतरवण्यात नंतरच्या रसायनज्ञांच्या पिढ्या खपल्या. इटलीचे ते दोघे बेपर्वा नव्हते, लोभी नव्हते. त्यांना आपल्या ज्ञानाची खात्री होती, एवढेच.

फील्डन ज्या शिस्तीचा पुरस्कार करीत असे तिचा गाभा मला इथेच दिसतो. शक्य तितके कमी करावे. जे करावे ते पुढे कोणाला काढून टाकता येईल असे करावे. काय केले, का केले, याची नोंद ठेवावी. वरवर ही तांत्रिक पथ्ये आहेत, पण त्यांच्या मुळाशी एक नम्रता आहे: माझ्यानंतर येणारा माझ्यापेक्षा शहाणा असू शकेल, त्याचा हात मी बांधून ठेवता कामा नये. आपण सगळे पूर्वजांच्या ऋणाविषयी बोलतो. पितृऋण फेडण्याचे विधी आपल्याकडे आहेत. पण जे अजून जन्मले नाहीत त्यांना आपण ओळखत नाही, ते तक्रार करू शकत नाहीत, आणि नेमके त्यांच्या हक्काचेच आपण निर्धास्तपणे खर्चून बसतो. पूर्वजांनी हे असे बांधले म्हणून ते राखावे, हा युक्तिवाद मला कधीच पुरता पटलेला नाही. पूर्वजांनी वाईटही पुष्कळ बांधले आणि त्यांनीही आपल्या पूर्वजांचे बरेच पाडले. राखायचे ते पुढच्याने ठरवावे म्हणून. तो म्हणेल ठेवा, तो म्हणेल पाडा. आपण पाडून टाकले तर त्याला यांपैकी काहीच म्हणता येत नाही.

आता याच्या उलट बाजूला जे बोलले जाते ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आसरा मिळाला, पण मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. पावसाळ्यात जुनी चाळ कोसळल्याची बातमी येते तेव्हा त्या ढिगाऱ्याखाली वारसा नसतो, माणसे असतात. १९९५ साली मुंबईने वारसावास्तूंसाठी नियम केले, देशात पहिल्यांदाच, आणि ते चांगलेच झाले. पण ज्याच्या घराला ‘वारसा’ हा शिक्का बसला आणि दुरुस्तीला दमडी मिळाली नाही, त्याने काय करावे? पुण्यातल्या वाड्याच्या लाकडी महिरपीचे छायाचित्र काढून हळहळणारा संध्याकाळी आपल्या सदनिकेत परततो. वाड्यातली म्हातारी रात्री गळक्या छपराखाली पातेली मांडत बसते. दुसऱ्याच्या पातेल्यांवर आपली सौंदर्यदृष्टी पोसणे याला मी जतन म्हणणार नाही. समाजाला एखादे घर राखावेसे वाटत असेल तर समाजाने खिशात हात घालावा. त्यावाचून केलेला उपदेश फुकटचा आहे.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. जाड जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. क्षणात सगळे अंगावर आले आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर त्या भागात दगडाच्या घरावरचा विश्वासच उडाला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्याने त्या मायमाउल्यांपुढे उभे राहून बोलून दाखवावे.

पण दगडाने माणसे मारली असे म्हणून विचार संपवता येत नाही. त्या भिंती म्हणजे दोन बाजूंना दोन दगडी पाठी आणि मध्ये भर असा प्रकार होता. दोन्ही पाठींना एकत्र धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलाच नव्हता, आणि सांधणी मातीची. काही घरांत भिंती ढासळूनही आतल्या लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुन्या विद्येतही जाणते होते आणि काटकसरीत ते निसटून गेले होते. फील्डनने १९८७ साली भूकंपप्रदेशांतल्या जुन्या वास्तूंसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘दोन भूकंपांच्या मध्ये’ अशा अर्थाचे आहे. नावातच सारे आले. ज्याला आपण शांततेचा काळ म्हणतो तो दोन धक्क्यांमधला अवधी असतो, आणि भिंती बांधून घ्यायच्या, दगड ओवून घ्यायचे, ते त्या अवधीत. किल्लारीच्या सहा वर्षे आधीचे हे पुस्तक. कोयनेचा १९६७ चा धक्का तर त्याच्याही वीस वर्षे आधीचा, आणि तो आपण भोगलेला होता.

फील्डनच्या आयुष्याचा उत्तरार्ध शिकवण्यात गेला. १९७७ साली यॉर्क, नॉरिच, सेंट पॉल ही सारी मानाची कामे सोडून तो रोमला गेला. तिथे ‘युनेस्को’च्या पुढाकाराने १९५९ साली निघालेले जतनविद्येचे केंद्र आहे, त्याचा तो १९८१ पर्यंत संचालक होता. देशोदेशींचे तरुण वास्तुकार तिथे शिकायला येतात. १९८२ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९८९ साली आपल्या इंटॅकसाठी भारतीय परिस्थितीला धरून एक मार्गदर्शिका लिहून दिली. सॅपर म्हणून आलेला तरुण म्हातारपणी पुन्हा या देशाच्या कामी आला.

एक गोष्ट मला, शिक्षक म्हणून, विशेष वाटते. नवे बांधायला शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती कोरा कागद देता येतो. राखायला शिकवताना कागद कोरा नसतो. त्यावर दुसऱ्याचे अक्षर आधीच असते. तिथे शिकवायचे ते पाहणे. आमच्या मुलांना आम्ही निबंध लिहायला लावतो, पण एखादी भिंत अर्धा तास नुसती पाहा असे कधी सांगत नाही. सांगितले तर पालक चौकशीला येतील. इंग्लंडात १९५५ पासून असा नियम आहे की, चर्चच्या प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी जाणत्या वास्तुकाराने तपासणी करायची आणि लेखी अहवाल द्यायचा. पडल्यावर धावायचे नाही, पडण्यापूर्वी फेरी मारायची. फील्डनने या पद्धतीचा सतत पाठपुरावा केला. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आगोटीच्या आधी घर शाकारायचे, फुटकी कौले काढून नवी बसवायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा, हे तो न चुकता करतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा करतो. एक वर्ष शाकारणी चुकली की पाणी वाशात शिरते, तीन वर्षे चुकली की वासा जातो, आणि मग घर ‘जुने झाले’ असे आपण म्हणतो. घर जुने होत नसते हो. त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

आणि तो पिंपळ! देवळाच्या शिखरावर, किल्ल्याच्या तटावर, जुन्या शाळेच्या सज्जावर बोटभर रोप उगवते. त्या वेळी दोन बोटांनी उपटता येते. पण पिंपळ कोण उपटणार? त्यावर मुंजा असतो, पाप लागते. आपण नमस्कार करून पुढे जातो. वीस वर्षांनी त्याच्या मुळ्या तटाच्या पोटात शिरतात आणि दगडाला दगड सोडून देतो. मी वर्गात मुलांना सांगते की ते रोप काढा आणि ओढ्याकाठी नेऊन लावा. देवही राहील, पिंपळही राहील. मुलांना हा तोडगा फार आवडतो. मोठ्यांचे मत अद्याप यायचे आहे.

शेवटी पुन्हा यॉर्क. जुलै १९८४ मध्ये, फील्डन तिथून गेल्याला सात वर्षे झाली असताना, मंदिराच्या दक्षिणेकडील भागाला आग लागली. वीज पडली असे बहुतेकांचे मत. लाकडी छत जळून खाली आले. मध्यवर्ती मनोरा मात्र आपल्या आवळलेल्या पायावर उभा राहिला. छत नव्याने करताना कमानींच्या फासळ्या जिथे एकत्र येतात तिथे बसवायची लाकडी फुले नव्याने कोरायची होती. त्यांपैकी सहांची चित्रे शाळकरी मुलांकडून मागवली, दूरदर्शनवरच्या मुलांच्या एका कार्यक्रमातून स्पर्धा लावून. कारागिरांनी ती कोरून, रंगवून वर बसवली. त्यांत चंद्रावर पडलेले माणसाचे पहिले पाऊल आहे, देवमासे वाचवण्याचे एक चित्र आहे, इथिओपियातल्या दुष्काळाचेही आहे. मध्ययुगाची नक्कल करा असे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. १९८८ साली ते काम पुरे झाले. ती मुले आता पन्नाशीकडे झुकलेली असतील. सहलीला आलेल्या एखाद्या शाळेच्या गर्दीत त्यांच्यापैकी कोणी मान उंच करून, डोळे बारीक करून, आपले फूल शोधत उभे असेल, आणि शेजारच्या पोराला त्याची काहीच कल्पना नसेल.